खिडकीच्या खाचेतली धूळ

वाचकाचं पत्र

ताई, जर्सी सिटीत हाइट्स भागात आमचं 1926 सालचं टू-फॅमिली घर आहे. वरच्या मजल्यावर आम्ही राहायचो, खालचा भाड्याने दिलेला. गेल्या वर्षी आम्ही एडिसनला आलो. आता वरचा मजला मूळच्या नाशिकच्या एका जोडप्याला द्यायचं ठरतंय. त्यांचा मुलगा अकरा महिन्यांचा आहे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला ते येणार. लेड पेंटच्या, म्हणजे शिशाच्या रंगाच्या, तपासणीबद्दल सिटीचं पत्र आलंय, शिवाय आगीच्या सुरक्षेचं सर्टिफिकेटही लागेल म्हणतात. भिंती तीन वर्षांपूर्वीच रंगवल्यात, पण खिडक्यांचे पोपडे निघालेत. मिस्टर आणि दीर म्हणतात, एका वीकेंडला खरवडून, घासून, रंग मारून मोकळे होऊ. एक मैत्रीण म्हणते, बाळ नसलेलं जोडपं बघ, म्हणजे कटकटच नको. बेसमेंटमध्ये एक विद्यार्थी झोपतो. तपासणीच्या दिवसापुरतं त्याचं सामान हलवावं का? कुठून सुरुवात करू, ते सांगा.
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर

सगळ्यात आधी मिस्टरांना फोन करा. ते आणि दीर पॉलिश पेपर आणायला निघाले असतील तर त्यांना परत बोलवा. बाकीचं सगळं नंतर. तुमच्या पत्रातल्या त्या एका वाक्याने माझ्या पोटात गोळा आला, कारण तो वीकेंड आमच्या घरात होऊन गेलाय.

आमचंही असंच जुनं घर होतं, खाली भाडेकरू. एका उन्हाळ्यात आम्ही स्वस्तात मिळाला म्हणून एक रंगारी बोलावला. त्याने मशीन लावून तीन दिवस खिडक्या घासल्या. बारीक पिठासारखी धूळ जिन्यावर, खालच्यांच्या पायपुसण्यावर, पोर्चवरच्या बाबागाडीवर बसत होती, आणि मी ती कोरड्या झाडूने झाडत होते. खालच्यांची मुलगी तेव्हा दीड वर्षाची. दोन वर्षांची झाल्यावर तिची रक्ततपासणी झाली, तेव्हा शिसं निघालं दर डेसिलिटरला 14 मायक्रोग्रॅम. तिची आई माझ्याशी भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, "वहिनी, आता हे उतरणार कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रक्तातला आकडा महिन्या-महिन्याने खाली येतो. वाढत्या मेंदूला जे झालं ते मात्र परत आणता येत नाही. सीडीसी ही केंद्राची आरोग्य संस्था आज 3.5 च्या वरचा आकडा लक्ष देण्यासारखा मानते, आणि लहान मुलाला चालेल असं शिशाचं प्रमाण कुठलंच सापडलेलं नाही.

आता तुमच्या घराकडे येऊ. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर 1978 मध्ये बंदी आली. ईपीए या केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या आकड्यांप्रमाणे 1940 पूर्वीच्या शंभरातल्या 87 घरांत कुठे ना कुठे शिशाचा रंग आहे, 1940 ते 1959 मधल्या 69 घरांत, आणि 1960 ते 1977 मधल्या 24 घरांत. तुमचं घर 1926 चं. आहे असंच धरून चाला. भिंती ताज्या रंगवल्यात म्हणून निर्धास्त राहू नका. शिशाचा रंग टणक, पाणी न धरणारा आणि चकचकीत असायचा, म्हणून तो जास्त करून लाकडाला मारत. खिडक्या, दारं, चौकटी, जिन्याचे कठडे, पोर्च. आणि अखंड, घट्ट बसलेला जुना रंग तसा कुणाला त्रास देत नाही. तो सुटला, किंवा दोन लाकडं एकमेकांवर घासली, की त्याची धूळ होते. घातक ती धूळ.

आज संध्याकाळी घरी गेलात तर एक करून बघा. खिडकीची खालची झडप वर उचला. ज्यावर आपण हात टेकतो तो पाट, आणि त्याच्या पलीकडे, झडप जिथे खाली येऊन बसते, ती खाच. बहुतेक घरांत ही खाच वर्षानुवर्षं कुणी पाहिलेली नसते. मेलेल्या माश्या, काळपट माती आणि त्यात पोह्यांसारखे पातळ, वाकडे झालेले पापुद्रे. झडप वर-खाली करताना दर वेळी दोन्ही बाजूंचा रंग थोडा थोडा झिजतो आणि इथे साठतो. वारा आला की पाटावर, पाटावरून फरशीवर. अकरा महिन्यांचं मूल पाटाला धरून उभं राहायला शिकतं. ते उंचीने बरोबर तोंड पाटाला लागेल एवढंच असतं, आणि जुन्या शिशाच्या रंगाची चव गोडसर असते. शिवाय मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी थोडंच अंगात मुरतं. लहान मुलाच्या बाबतीत निम्म्यापर्यंत.

म्हणून तपासनिसाला काय दिसेल याची चिंता करू नका. गुडघ्यांवर बसा आणि त्या बाळाच्या उंचीवरून घर बघा. तयारीची खरी यादी तिथे मिळते.

कायद्याचं थोडक्यात सांगते. न्यू जर्सीचा भाड्याच्या घरांतल्या शिशाचा कायदा 22 जुलै 2022 पासून लागू आहे. 1978 पूर्वीच्या बहुतेक भाड्याच्या घरांची पहिली तपासणी भाडेकरू बदलताना किंवा 22 जुलै 2024 पर्यंत, यातलं जे आधी येईल तेव्हा व्हायची होती. त्यापुढे दर तीन वर्षांनी, किंवा भाडेकरू बदलताना. पास झालात तर 'लेड-सेफ' सर्टिफिकेट मिळतं, ते दोन वर्षं चालतं. ते हातात असताना भाडेकरू बदलला तर पुन्हा तपासणी लागत नाही. तुमच्या पत्रात खालच्या मजल्याच्या तपासणीबद्दल एक अक्षर नाही, ताई. तुम्ही वर राहत होतात तेव्हाही खालचा मजला भाड्याचाच होता. ती राहून गेली असेल तर दोन्ही मजल्यांची एकदमच करून घ्या. चूक नोटीस देऊन दाखवली की सुधारायला 30 दिवस मिळतात, त्यानंतर दर आठवड्याला 1000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आणखी एक: तुम्ही तिथून निघाल्यामुळे ते घर आता मालक राहत नसलेलं टू-फॅमिली झालं, म्हणजे म्युनिसिपल क्लार्ककडे घरमालक म्हणून नोंदणी हवी. विमाही घरमालकाचा करून घ्या.

तपासणी दोन तऱ्हांची असते. काही शहरांत नुसती डोळ्यांनी: कुठे रंग सुटलाय, उडलाय, घासला जातोय. ज्या शहरांत सहा वर्षांपर्यंतच्या तपासलेल्या मुलांपैकी 3 टक्के किंवा जास्त मुलांच्या रक्तात शिसं वाढलेलं आढळतं, तिथे धूळ पुसून प्रयोगशाळेत पाठवतात. ओलसर पुसणीने फरशीचा आणि पाटाचा ठरावीक मापाचा चौकोन पुसायचा, नळीत घालायचा, नाव लिहायचं. तुमच्या शहराला कोणती तपासणी लागू आहे ते राज्याच्या डीसीए खात्याच्या यादीत बघा. तपासनीस सिटीचाच हवा असं नाही, राज्याने मान्यता दिलेला खाजगी कंत्राटदार तुम्ही स्वतः बोलावू शकता. एक तारीख तोंडावर आहे, तर मी तेच करेन. आणि शहर नुसत्या नजरेवर समाधान मानत असलं, तरी येणाऱ्या बाळासाठी पुसणीची चाचणी करून घ्याच. डोळ्यांना ही धूळ दिसत नाही. काम झाल्यावर किती धूळ चालेल याची मर्यादा ईपीएने 2024 मध्ये आणखी खाली आणली: चौरस फुटाला फरशीवर 5 मायक्रोग्रॅम, पाटावर 40, खाचेत 100. मिठाचा एक दाणासुद्धा 5 मायक्रोग्रॅमहून कितीतरी जड असतो. आता कळेल, मी झाडू फिरवत होते तेव्हा काय करत होते.

मिस्टरांनी आणि दिरांनी स्वतः काम करायचं का? आपण राहतो त्या घरात करायला केंद्राचा नियम आडवा येत नाही, पण भाड्याच्या घरात येतो. 2010 पासून, 1978 पूर्वीच्या भाड्याच्या घरात एका खोलीत 6 चौरस फुटांहून जास्त, किंवा बाहेरून 20 चौरस फुटांहून जास्त रंग हलवायचा असेल, तर त्यासाठी सर्टिफिकेट असलेला माणूस लागतो. खिडकी बदलायची असेल तर माप कितीही असो. घरमालक स्वतः काम करणार असेल तर त्यालाही हे लागू आहे. प्रशिक्षण एका दिवसाचं असतं. मिस्टरांना हौस असेल तर त्यांनी ते जरूर करावं, पुढे वीस वर्षं उपयोगी पडेल. पण या वेळी वेळ कमी आहे, तेव्हा सर्टिफिकेट असलेल्या कंत्राटदाराकडून खिडक्यांचं काम करून घ्या आणि कागद आधी बघायला मागा. आम्ही मागितला नव्हता.

तो काम नीट करतोय का, हे ओळखायला दोन गोष्टी बघा. खोलीतलं सगळं बाहेर काढून जमिनीवर जाड प्लास्टिक चिकटपट्टीने बसवलेलं हवं, आणि हातात पाण्याची फवारणी हवी. रंग ओला करून खरवडायचा, म्हणजे तो चिखलासारखा खाली पडतो, उडत नाही. ज्योत लावून रंग जाळणं आणि धूळ ओढणाऱ्या हेपा (अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर) जोडणीशिवाय मशीनने घासणं, दोन्ही बंद आहे. पोपडे काढून प्रायमर आणि रंग मारायच्या आधी पोपडे का निघाले हेही त्याला विचारा. वरून पाणी झिरपत असेल तर नवा रंग वर्षभरात पुन्हा सुटेल. घासणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या नीट करून घ्या. खिडकीच्या खाचेला ॲल्युमिनियमचा पत्रा आतून बसवता येतो. खर्च थोडा येतो, पण पुढे ओल्या फडक्याचा एक हात मारला की खाच स्वच्छ. मी एकच काम करायचं म्हटलं तर हे करेन.

रंगाचं काम झाल्यावरची सफाई तुम्ही दोघांनी करा, पण घरच्या साध्या व्हॅक्यूमने नको. तो बारीक धूळ मागून खोलीभर उडवतो. हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम भाड्याने मिळतो. मग दोन बादल्या घ्या, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. फडकं साबणात बुडवायचं, पुसायचं, साध्या पाण्यात पिळायचं, पुन्हा साबणात. साधं पाणी गढूळ झालं की बदलायचं आणि संडासात ओतायचं, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको. वरून खाली, आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे, आणि प्रत्येक खोलीत सुरुवात खिडकीच्या खाचेपासून. एका खोलीचं फडकं दुसऱ्या खोलीत नेऊ नका. दिवाळीच्या सफाईत आपण माळा आधी घेतो आणि ओटा शेवटी, तसंच हे. त्या दिवशीचे कपडे वेगळे धुवा आणि घरी मुलं असतील तर त्यांना जवळ घेण्याआधी अंघोळ करा. मागच्या अंगणात भिंतीलगत उघडी माती असेल तर तीही बघा. बाहेरचा जुना रंग वर्षानुवर्षं तिथेच गळलेला असतो. त्यावर लाकडाच्या सालींचा जाड थर घाला किंवा गवत लावा.

खालच्यांना विसरू नका. वर काम चालू असताना जिना त्यांचाही आहे. तारीख आधी सांगा, काम कुठल्या खोल्यांत आहे ते सांगा, आणि जिना रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आगीच्या सर्टिफिकेटचं काम त्यामानाने सोपं आहे. बेसमेंट धरून प्रत्येक मजल्यावर स्मोक अलार्म, आणि झोपायच्या खोल्यांच्या बाहेर 10 फुटांच्या आत एक. बॅटरीवरचा असेल तर दहा वर्षांच्या सीलबंद बॅटरीचाच लागतो, 9 व्होल्टवाले जुने आता चालत नाहीत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही झोपायच्या खोल्यांबाहेर 10 फुटांच्या आत. अलार्म उलटा करून मागची तारीख वाचा. बरेच जण इथेच अडकतात, कारण अलार्म ओरडतो म्हणजे चांगला आहे असं वाटतं, पण त्याचं आयुष्य संपलेलं असतं. स्वयंपाकघरापासून 10 फुटांच्या आत अग्निशामक नळकांडं, त्यावर 2ए:10बी:सी असं लिहिलेलं, 10 पौंडांहून जड नको, भिंतीवर टांगलेलं आणि त्याचं वरचं टोक जमिनीपासून 5 फुटांच्या आत. कपाटात ठेवलेलं चालत नाही. ते घेताना त्याची पावती आणि माहितीपत्रक ठेवून द्या. बाकी जिन्याचा कठडा हलतो का, बाहेरच्या दाराला आतून किल्ली लावावी लागते का (ते कुलूप काढा, आगीत किल्ली कोण शोधणार?), सिंकजवळचे प्लग टेस्टचं बटण दाबल्यावर बंद पडतात का, हे अर्ध्या तासात बघून होईल.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल. तो मनातून काढून टाका. मूल आहे म्हणून घर नाकारणं अमेरिकेत 1988 पासून भेदभाव मानला जातो, आणि मालक राहत नसलेल्या तुमच्या घराला तो कायदा पूर्ण लागू आहे. शिशाचं कारण सांगितलं तरी सुटका नाही. पण कायदा बाजूला ठेवूनही बोलते. आज बाळ नसलेल्या जोडप्याला उद्या बाळ होईल, किंवा भारतातून बहिणीची मुलं सुट्टीत येतील. घर तेच आणि खिडकी तीच राहणार.

बेसमेंटचं सामान हलवून काही साधणार नाही. त्या मुलालाच तिथून वर आणायला हवं. त्या खोलीला सिटीची परवानगी आहे का? बाहेर पडायला दुसरी वाट, माणूस निघेल एवढी खिडकी आहे का? 2021 च्या सप्टेंबरमध्ये इडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्क शहरात बेसमेंटमधल्या घरांत राहणारी अकरा माणसं गेली. त्याच रात्री हडसन नदीच्या या बाजूला, न्यू जर्सीतही माणसं बुडाली. तुमच्याकडचा मुलगा कुणाच्या तरी घरचा आहे, त्याचे आईवडील तो मराठी माणसाकडे राहतो म्हणून निश्चिंत असतील. परवानगी नसेल तर तपासणीआधी घरभाड्याची कामं करणाऱ्या वकिलाला भेटा. न्यू जर्सीत बेकायदा खोलीतून भाडेकरूला काढावं लागलं, तर मालकाने त्याला सहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम द्यायची असते. ती देऊन, त्याला चांगली जागा शोधून देऊन हा विषय संपवा. तपासनिसापासून लपवू नका.

नाशिकच्या जोडप्याशी मोकळेपणी बोला. लीजवर सही होण्याआधी ईपीएचं शिशाबद्दलचं माहितीपत्रक आणि घरात काय माहीत आहे ते सांगणारा फॉर्म देणं केंद्राच्या कायद्याने बंधनकारक आहेच, आणि न्यू जर्सीत लेड-सेफ सर्टिफिकेटची प्रत लीजला जोडायची असते. पण कागदांचा गठ्ठा हातात देऊन सही घेऊ नका. चहाला बोलवा, मराठीत समजावून सांगा, खाच कुठली ते दाखवा, रंग सुटलेला दिसला तर त्याच दिवशी फोन करा म्हणावं. राज्यात मुलाची शिशासाठी रक्ततपासणी एक आणि दोन वर्षांचा झाल्यावर होते. त्यांचं बाळ लवकरच एक वर्षाचं होईल, तर तुमच्या घरात येण्याआधीच ती करून घ्या असं सुचवा. त्यांनाही बरं, तुम्हालाही.

याच चहाला आणखी एक सांगता येईल, पण जपून. आपल्या घरात शिसं दुसऱ्या वाटांनीही येतं. रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतल्या दुकानांतलं आणि भारतातून आणलेलं सिंदूर तपासलं होतं. 2017 मध्ये ते छापून आलं, आणि बऱ्याच पुड्यांत शिसं निघालं होतं. खुली हळद, गावाहून आलेलं काजळ, यांचंही तेच. हे आई-बाबांच्या कानावर घाला, पण पुढे कधी बाळाचा आकडा वाढलेला आला तर "तुमच्या काजळाने असेल" असं म्हणून हात झटकू नका. आधी आपली खाच बघा. भारतात राहणाऱ्या वाचकांसाठीही एक: तिकडे घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेल्या खिडकीच्या ग्रिलचे आणि झोपाळ्याच्या कड्यांचे पोपडे निघत असतील तर कोरडे खरवडू नका.

हे सगळं एका महिन्यात होईल का? होईल, पण क्रम असा ठेवा: उद्या सकाळी तपासनिसाची वेळ घ्या, त्याच दिवशी कंत्राटदाराला खिडक्या दाखवा. एक तारखेपर्यंत पुसणीचा निकाल हाती आला नाही, तर त्या जोडप्याला पंधरा दिवस थांबायला सांगा आणि तेवढ्या दिवसांचा त्यांचा राहण्याचा खर्च तुम्ही उचला. आगीच्या सर्टिफिकेटचा अर्ज मात्र आजच भरा. भाडेकरू राहायला येण्याच्या तारखेच्या जितकं जवळ जाल, तितकी त्याची फी वाढत जाते.